अडीचशेची पिशवी, एकवीस रुपयांचा घास

माझ्या ऑफिसातल्या टेबलाखाली पन्नास कापडी पिशव्या पडून आहेत. जाड मांजरपाट, खांद्याला अडकवता येईल असे लांब पट्टे, वर हिरव्या शाईत एक वाडगा आणि त्याखाली अक्षरं : ‘एक पिशवी, एक घास’. अमळनेरात मी लोकांचे हिशेब लिहितो, रिटर्न भरतो. पिशव्यांचा धंदा माझा नाही. त्या भाचीच्या आहेत.

सुदानच्या बातम्या बघून ती आणि तिच्या कॉलेजातली आठ-दहा मुलं हलली होती. वैशाखात संत सखाराम महाराजांच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात, त्यांनी एक टेबल टाकलं. पिशवी अडीचशे रुपयांना, पैसा तिकडच्या उपाशी लेकरांना. विक्री बरी चालली होती. तेवढ्यात पारोळ्याकडचे एक म्हातारे बाबा आले, पिशवी उलटसुलट करून बघितली, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाले, ‘‘बेटा, हाऊ पैसा कथा जास?’’

‘‘सुदानला, बाबा.’’

‘‘ते समजनं. पन कसा जास?’’

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी पिशवी घेतली नाही. यात्रा संपली त्या रात्री ती वही घेऊन माझ्याकडे आली. ‘‘मामा, एवढ्या पिशव्या खपल्या, मग हातात एवढेच पैसे कसे?’’

बाबांचा प्रश्न आणि तिचा प्रश्न वेगळा वाटतो, पण आहे एकच. परदेशातली भूक हटवायला पिशव्या, टी-शर्ट, कप, कार्डं विकणाऱ्या लहानमोठ्या सगळ्यांना तो लागू पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वही. दोनशे पिशव्या करून घेतल्या. कापड आणि शिलाई मिळून बचत गटाला पिशवीमागे ९५ रुपये, म्हणजे १९,०००. छपाई पिशवीमागे ३० रुपये, म्हणजे ६,०००. छपाईची चौकट बनवायचे १,२००. जागेचं भाडं आणि टेबल-खुर्च्या ३,०००. टेम्पो ८००. बॅनर १,५००. पिशवीला लावलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी चार रुपयांना एक, तिचे ८००. बेरीज ३२,३०० रुपये. विकल्या गेल्या १४१. नऊ पिशव्या उद्घाटनाच्या पाहुण्यांना ‘भेट’ गेल्या, पन्नास उरल्या. १४१ गुणिले २५० म्हणजे ३५,२५०. त्यातून खर्च वजा केला की राहतात २,९५०.

विकलेल्या पिशव्यांवर वाटले तर पिशवीमागे एकवीस रुपये. घेणाऱ्याने अडीचशे मोजले, घासापर्यंत जायला एकवीस उरले. नमनालाच घडाभर तेल गेलं.

भाचीचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांब, आकडा असा वाचायचा नसतो. सरासरी इथे फसवते. खर्च झालाय ३२,३००. अडीचशेच्या हिशेबाने तो भरून यायला १३० वी पिशवी विकली जावी लागते. म्हणजे पहिल्या १२९ पिशव्यांनी कुणालाही काही दिलं नाही, त्यांनी कापडवाला, छपाईवाला, टेम्पोवाला फेडला. १३० व्या पिशवीतून दोनशे रुपये सुटले. आणि तिथून पुढे प्रत्येक पिशवीचे अडीचशेच्या अडीचशे सुटले, कारण खर्च आधीच होऊन गेला होता. अशा अकराच पिशव्या निघाल्या. दोनशेच्या दोनशे खपल्या असत्या तर हातात १७,७०० पडले असते, सहापट. त्यामुळे टेबलाखालच्या या पन्नास आणि पाहुण्यांच्या त्या नऊ पिशव्या हा नुसता उरलेला माल नाही. सगळी मदत त्यांच्यातच अडकलेली आहे.

व्यापाऱ्याला हे कळतं. जळगावच्या सराफ बाजारात कुणालाही विचारा, पडून राहिलेला माल म्हणजे काय. पण चांगल्या कामाची वस्तू विकणारे बहुतेक जण विसरतात की पुण्यकर्म असलं तरी दुकान ते दुकानच. मागणी बघून माल काढायचा, शक्यतो आधी नावं आणि पैसे घ्यायचे, मग शिवायला टाकायचं. आणि पाहुण्यांना नारळ द्यावा.

या हिशेबात एक गोष्ट भाचीला दिसली नव्हती. १९,००० रुपये बचत गटाकडे गेले. त्यात कापडाचे पैसे होते, पण उरलेली मजुरी अमळनेरच्याच बायांच्या हातात पडली. म्हणजे त्या वाडग्याच्या चित्राने पहिला घास शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला दिला. यात वाईट काही नाही, उलट चांगलंच आहे. फक्त चिठ्ठीवर ते लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायला हवं होतं.

आता चिठ्ठीवरच्या शब्दांकडे येतो, कारण गोम तिथे असते. ‘नफ्यातला शंभर टक्के हिस्सा भुकेल्यांसाठी’ हे वाक्य ऐकायला भरघोस आहे. पण नफा म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं, आणि खर्च किती दाखवायचा हे विकणाऱ्याच्या हातात. शून्याचे शंभर टक्के शून्यच. उलट ‘प्रत्येक पिशवीमागे तीस रुपये देऊ’ हे वाक्य किरकोळ वाटतं, पण त्यात विकणारा बांधला जातो. तोटा झाला तरी तीस द्यावेच लागतात. मला विचाराल तर मी दुसऱ्या चिठ्ठीची पिशवी घेईन. तिसरा प्रकार ‘विक्रीतला काही भाग’. काही म्हणजे किती, हे न लिहिणाऱ्याला पारोळ्याच्या बाबांसमोर उभं करावं.

वस्तू विकून दूरच्या भुकेला पैसा पाठवण्याची रीत जुनी आहे आणि तिने मोठी कामं केली आहेत. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, ग्रीसमध्ये लोक उपासमारीने मरत होते. तेव्हा इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड गावात काही लोकांनी दुष्काळ निवारणासाठी एक समिती काढली. तीच पुढे ऑक्सफॅम झाली. १९४७-४८ च्या सुमारास त्यांनी त्याच गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान काढलं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकायच्या आणि पैसा मदतीला. या दुकानाचं गणित भाचीच्या गणितापेक्षा कितीतरी भक्कम होतं. माल फुकट मिळालेला आणि विकणारे बरेचसे स्वयंसेवक, त्यामुळे भरून काढायचा खर्च फारच थोडा. युनिसेफची शुभेच्छा कार्डं अनेकांना आठवत असतील, दिवाळी-नाताळात आमच्याकडेही यायची. त्यातलं पहिलं कार्ड १९४९ मधलं. चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीला युद्धानंतर युनिसेफची मदत मिळाली होती. तिने आभाराचं चित्र काढलं, कागद नव्हता म्हणून काचेवर. त्याचंच कार्ड झालं. कार्डात कागद आणि छपाई एवढाच खर्च, वजन नाही, साइज नाही, रंग जाण्याची भीती नाही. विकायला वस्तू निवडावी तर अशी.

आणि एक गोष्ट फसलेली. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तिकिटांचे जवळपास २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. खरा पैसा मात्र नंतरच्या ध्वनिमुद्रिकेत आणि चित्रपटात होता. तो करखात्यात अडकला आणि वर्षानुवर्षं अडकून राहिला, कारण कार्यक्रमाला धर्मादाय म्हणून करमाफी मिळवण्याचं काम आधी झालेलंच नव्हतं. एवढे मोठे कलावंत, एवढा मोठा गल्ला, आणि कागदाचं काम वरातीमागून. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट पाठ असावी.

बरं, पैसा उरला, पोहोचला असं धरू. त्याचं अन्न कसं होतं?

माझ्या पिढीला एक पद्धत जिभेने ठाऊक आहे. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. रेशनवर मिलो यायची, अमेरिकेतून जहाजाने आलेली लालसर ज्वारी. तिची भाकर थापताना आई वैतागायची. ती कडेला फाटायची आणि खाताना घशाला खरखरायची. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या घराला ती कशी आवडणार? पण खाल्ली. दुष्काळी कामांवर सुकडी मिळायची, तिची चव मला अजून आठवते. सांगायचं हे की परदेशातली भूक हा शब्द आपण आज वापरतो तेव्हा आपण देणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. पन्नासेक वर्षांपूर्वी कुणासाठी तरी परदेशातली भूक आपणच होतो.

धान्य थेट पाठवायची ही पद्धत आजही आहे. २०२१ मध्ये भारताने अफगाणिस्तानला ५०,००० टन गहू जाहीर केला. पहिले ट्रक फेब्रुवारी २०२२ मध्ये अटारीच्या सीमेवरून पाकिस्तानमार्गे गेले आणि तिकडचं वाटप संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने केलं. सरकारला आणि मोठ्या साठ्याला हे जमतं. पण धान्य जड असतं, आणि जहाज, गोदाम, ट्रक, हमाली यांत बराच पैसा जातो. शिवाय बाहेरचं फुकट धान्य एखाद्या बाजारात भसकन उतरलं की तिथल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. चोपड्याच्या बाजार समितीत कापणीच्या तोंडावर कुणी फुकट गहू वाटायला बसलं तर काय होईल, एवढं डोळ्यांपुढे आणा. म्हणून दुसरी पद्धत आली : धान्य तिथल्याच किंवा शेजारच्या देशातल्या बाजारातून घ्यायचं. आणि तिसरी : जिथे बाजार चालू आहे पण लोकांच्या हातात पैसा नाही, तिथे सरळ रोख रक्कम किंवा कूपन द्यायचं. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून हेच दाखवलं की धान्य असूनही माणूस उपाशी मरतो, कारण ते विकत घ्यायची ताकद त्याच्याकडे उरलेली नसते.

सुदानचंच बघा. तो आपल्यासारखाच ज्वारी खाणारा देश. गेदारेफ भागात मैलोन् मैल ज्वारी पिकते, आणि आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ‘किसरा’ नावाची पातळ पोळी तिथे घराघरात होते. एप्रिल २०२३ मध्ये तिथलं सैन्य आणि एक निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. पेरण्या बुडाल्या, रस्ते बंद झाले, गोदामं लुटली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं अधिकृतपणे सांगितलं गेलं.

हा ‘अधिकृत’ शब्द समजून घ्यावा, कारण पिशव्यांवर ‘दुष्काळ’ हा शब्द हवा तसा वापरतात. भूक मोजायची एक आंतरराष्ट्रीय पट्टी आहे, तिला पाच पायऱ्या आहेत. पाचवी पायरी दुष्काळाची, आणि तिथे जायला तीन खुणा पाहतात : पाचातलं किमान एक कुटुंब अन्नाविना टोकाला पोहोचलेलं, पाच वर्षांखालची किमान तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन माणसं भुकेने किंवा भूक आणि आजार मिळून मरत असलेली. जगात फार कमी ठिकाणी हा शिक्का बसतो. पण तो बसेपर्यंत थांबणं म्हणजे चितेला पाणी घालायला जाणं. चौथ्या पायरीवरही माणसं मरतच असतात. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते. त्यातले बहुतेक कुठल्याही बातमीत नसतात.

आता त्या २,९५० रुपयांकडे परत येऊ. अतितीव्र कुपोषित मुलाला नुसता भात-भाकर देऊन भागत नाही. त्याचं पोट थोडंच पेलतं, म्हणून थोडक्यात भरपूर बळ असलेलं काही लागतं. १९९६ मध्ये फ्रान्समधले बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि अन्नप्रक्रिया अभियंता मिशेल लेस्कान यांनी यावर एक साधं उत्तर काढलं. शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, वर जीवनसत्त्वं आणि खनिजं. ९२ ग्रॅमचं पाकीट, त्यात ५०० कॅलरी. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, कोपरा फाडून मुलाच्या हातात द्यायचं. पाणी नसल्यामुळे त्यात जंतू वाढत नाहीत, आणि जिथे पिण्याचं पाणीच गढूळ आहे तिथे हा फार मोठा गुण. पूर्वी अशा मुलांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागायचं. या पाकिटामुळे, दुसरी गुंतागुंत नसेल तर, घरी सहा ते आठ आठवड्यांत मूल सावरतं.

शेंगदाणा वाचून खान्देशी माणसाचे कान टवकारणार हे मला ठाऊक आहे. आमच्याच गावात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तिची विप्रो झाली हे सगळ्यांना माहीत आहे. तेल गाळायच्या त्या दाण्यातून कुठे संगणक निघाले, कुठे मरणाच्या दारातलं लेकरू परत आणणारी पेस्ट. असो.

एका मुलाला साधारण १५० पाकिटांचं एक खोकं लागतं. पाकिटाची किंमत घाऊक खरेदीत आजच्या भावाने पंचवीस-तीस रुपयांच्या घरात. म्हणजे एका मुलामागे नुसत्या पाकिटांचेच चार हजारांच्या आसपास, वाहतूक आणि तपासणाऱ्या माणसांचा पगार वेगळा. आमच्या २,९५० मध्ये एक मूलही पुरतं बसत नाही. १७,७०० असते तर चार बसली असती. टेबलाखालच्या पिशव्यांकडे मी हल्ली या नजरेने बघतो.

पण बाबांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. कसा जास?

इथे बहुतेक जण एक गल्लत करतात. ‘‘त्याला एफसीआरए लागतं ना?’’ नाही. एफसीआरए हा २०१० चा कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणगीसाठी आहे. आपला पैसा बाहेर जातो तेव्हा संबंध येतो फेमाशी, म्हणजे परकी चलनाच्या १९९९ च्या कायद्याशी. त्यात भारतात राहणाऱ्या एकट्या व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि देणगी हे त्यातलं मान्य कारण आहे. बँकेत ए-२ फॉर्म भरायचा, पैसा कशासाठी जातोय त्याचा कोड लिहायचा. पण ही सोय व्यक्तीला आहे, ट्रस्टला नाही, मंडळाला नाही. आणि ती व्यक्तीच्या स्वतःच्या पैशासाठी आहे, यात्रेत १४१ लोकांकडून जमवलेल्या पैशासाठी नव्हे.

मग नोंदणीकृत ट्रस्टमार्फत पाठवू म्हटलं तर आयकर आडवा येतो. धर्मादाय संस्थेला करमाफी मिळते ती भारतात केलेल्या खर्चावर. भारताबाहेर खर्च केला की तो माफीत धरत नाहीत. आंतरराष्ट्रीय कल्याणाचं काम असेल आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने आधी मंजुरी दिली असेल तर गोष्ट वेगळी. अमळनेरच्या कॉलेजातली पोरं दिल्लीहून ही मंजुरी आणणार कधी आणि पिशव्या विकणार कधी! शिवाय महाराष्ट्रात लोकांकडून धर्मादाय कारणासाठी पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडचं काम असतं. गणपती मंडळवाल्यांना कलम ‘४१ क’ ची परवानगी माहीत असते. टेबल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानावरही ते नाव आलेलं नसतं.

घेणाऱ्याच्या बाजूनेही एक गैरसमज आहे. दरवर्षी मार्चमध्ये कुणी ना कुणी अशा टी-शर्टचं बिल घेऊन येतो, ‘‘८०जी मध्ये धरा ना.’’ म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीत. नाही धरता येत. तुम्ही वस्तू घेतली, तिची किंमत दिली, ही खरेदी झाली. देणगी म्हणजे बदल्यात काही न घेता दिलेलं, आणि त्याची पावती तशीच असते. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवरही ही सवलत मिळत नाही. विकणारी संस्था धर्मादाय आहे म्हणून मालावरचा जीएसटीही माफ होत नाही. राज्यातल्या राज्यात वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, एवढंच. बाहेरच्या राज्यात कुरिअरने माल पाठवायला लागलात की मात्र आधी मला विचारा.

त्यामुळे कुणाला मनापासून सुदानला पैसा द्यायचा असेल तर मी सरळ सांगतो, पिशवी विकू नका आणि घेऊ नका. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावाने, ज्या संस्थेचे ताळेबंद उघड आहेत अशा संस्थेला द्या. आणि दोन-चार हजार दहा वेळा पाठवण्यापेक्षा एकदाच पाठवा. भाचीसाठी मी बँकेत चौकशी केली होती. शुल्क, त्यावरचा जीएसटी, मधल्या बँकेची कापणी मिळून हजाराच्या वर जाईल असं सांगितलं. २,९५० मधले हजार!

मग पिशव्या विकूच नयेत का? भाचीने हेच विचारलं, जरा चिडूनच. तसं नाही. १४१ जणांनी पिशवी घेतली, त्यातल्या किती जणांनी एरवी सुदानसाठी अडीचशे काढले असते? मला वाटतं पाच-सहांनी. बाकीच्यांना पिशवी हवी होती, किंवा पोरांचं कौतुक वाटलं. हा पैसा देणगीच्या खिशातून आलेला नाही, बाजारखर्चाच्या खिशातून आलाय, आणि तो खिसा मोठा असतो. पिशवी घेणारा तीच पिशवी घेऊन वर्षभर भाजीला जातो, कुणीतरी विचारतं हे काय लिहिलंय. याला किंमत आहे. फक्त ती घासांमध्ये मोजू नये.

आणि आता तो आक्षेप, जो यात्रेत किमान वीस जणांनी घेतला : ‘‘सुदान कशाला? आपलं नंदुरबार काय कमी आहे?’’

आक्षेप खरा आहे. सातपुड्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याकडे, कुपोषणाचा प्रश्न वर्षानुवर्षं हटलेला नाही. अंगणवाडी ताई पाड्यावर जाऊन मुलाच्या दंडाला एक रंगीत पट्टी गुंडाळतात. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित. दारफूरमध्येही साडेअकराचीच पट्टी. दारफूरचं लाल आणि धडगावचं लाल सारखंच. उपाय मात्र वेगळे आहेत. आपल्याकडे सरकार आहे, अंगणवाडी आहे, पोषण पुनर्वसन केंद्र आहे, २०१५ पासून आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. इथे अडतं ते रस्त्यावर, रिकाम्या पदांवर, कामासाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या पाठोपाठ न पोहोचणाऱ्या नोंदींवर. तिथे युद्धात अशी यंत्रणाच मोडून पडली आहे. म्हणून ‘आधी घरचं’ या न्यायाने मी सुदानला नाही म्हणणार नाही. पण हेही खरं की हा आक्षेप घेणाऱ्या वीस जणांतल्या एकानेही नंदुरबारसाठी खिशात हात घातला नाही.

आता २,९५० चं काय करायचं? बाहेर पाठवता येत नाहीत. धडगावला द्यावेत हे सगळ्यात सोपं, पण चिठ्ठीवर ‘सुदान’ छापलेलं. ज्या कारणासाठी पैसा मागितला त्याच कारणाला तो लागला पाहिजे, आपल्या मनाने वळवायचा नाही. हा हिशेबाचा नियम आहे, आणि हिशेब न येणाऱ्या माणसालाही तो कळतो. शेवटी मुलांनी कॉलेजच्या फलकावर कागद लावला. बहुतेकांनी मोबाइलवरून पैसे दिले होते, त्यांना निरोप पाठवले : आम्ही चूक केली, पैसा सुदानला पाठवणं आम्हाला शक्य नाही, तुमची संमती असेल तर धडगावच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका ट्रस्टला देतो, नसेल तर अडीचशे परत घेऊन जा. आठवडाभराची मुदत.

मी घाबरलो होतो. बाराव्या माणसाने परत मागितले असते तर पोरांना पदरमोड करावी लागली असती. आले दोघंच. दोघांनाही अडीचशे-अडीचशे मोजून दिले. पिशवी परत आणायला मात्र दोघंही विसरले.

परवा २,४५० ची पावती आली. भाचीने ती वहीच्या शेवटच्या पानाला टाचली आणि टेबलाखालच्या पन्नासांतली एक पिशवी उचलली. पारोळ्याच्या बाबांचं गाव तिने शोधून काढलंय.